उठल्या उठल्या पलंगपोस, की आधी गादीला वारा?

वळकटी (धागाकर्ती)

पारोशी अंथरुणं पसरलेली दिसली की घर आळशी, हे आपल्या हाडीमाशी मुरलंय. पण मुंबईत ही शिस्तच गादीच्या मुळावर येते. घाम न फुटताही झोपेत त्वचेतून शे-सव्वाशे मिलिलीटर पाणी सहज जातं. मे महिन्यात नुसत्या पंख्याखाली त्याहून कितीतरी जास्त. त्यातलं बरंच चादरीत आणि गादीच्या वरच्या थरात उतरतं. त्यावर लगेच जाड पलंगपोस ओढला की ते तिथेच कोंडतं.

करायचं एवढंच: चादर आणि पांघरूण पायथ्याशी दुमडायचं, उशा उभ्या करायच्या, पंखा फुल्लवर २०-३० मिनिटं. चहा-आंघोळ-डबा उरकेपर्यंत वेळ निघून जातो. मग खुशाल पलंगपोस घाला. २००५ मध्ये लंडनच्या किंग्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी तर अंथरूण विस्कटलेलंच बरं, गादीतले डस्ट माइट (धुळीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे) त्याने कोरडे पडून मरतात, असं मांडलं होतं.

दवबिंदू

ते संशोधन संगणकावरच्या मॉडेलचं होतं, आणि ते विलायती घरांचं. तिकडे हिवाळ्यात हीटर लावला की खोलीतली हवा खरोखर कोरडी होते. माइट पाणी पीत नाही, हवेतली वाफ अंगात ओढून घेतो. आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांखाली राहिली तरच तो सुकतो. जुलैत मुंबईची हवा ८०-९० टक्क्यांवर. पांघरूण उघडं टाकून माइट मरायचे असते, तर पावसाळ्यात गिरगावापासून विरारपर्यंत एक उरला नसता! शिवाय त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा, ती माइट मेल्यावरही गादीतच राहते. ॲलर्जी असेल तर आठवड्याला चादर-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुवा आणि गादीला घट्ट विणीची चेनवाली खोळ घाला. वारा देणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

दुसरी गोष्ट, एसीवाल्या घरात 'उठल्यावर खिडक्या उघडा' हा सल्ला पावसाळ्यात उलटा पडतो. रात्रभर २३-२४ अंशांवर गादी गार झालेली असते. बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते तो, तेव्हा २४-२५ च्या घरात. ती हवा आत आली की गार कापड वाळत नाही, ओल ओढून घेतं. फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवल्यावर जे होतं तेच.

वळकटी

माइटचा मुद्दा मान्य, मागे घेते. पण बुरशी आणि कुबट वास? तिथे फरक पडतोच. एसीच्या खोलीत एसी बंद करायच्या आधी अर्धा तास उठा, पांघरूण बाजूला करा, खिडकी नंतर उघडा. मग?

दवबिंदू

हे चालेल. पण अर्धा तास आधी कोण उठणार, हा वेगळा धागा काढा.

सहा_बाराची_लोकल

रोजची एवढी नाटकं कशाला? खिडकी रस्त्यावर किंवा बांधकामाकडे असेल तर उघड्या चादरीवर अर्ध्या तासात धूळ बसते, आणि रात्री तोंड त्यातच. पलंगपोस त्यासाठीच असतो. दर रविवारी चादर बदला, पातळ सुती पलंगपोस वापरा, विषय संपला. जाड वेलवेटचा घालायचा आणि मग वाऱ्याची चिंता करायची, याला अर्थ नाही.

सावरीची_उशी

गादी कशाची आहे ते कुणी विचारलंच नाही. ६५ टक्के आर्द्रतेत कापूस वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे १० किलोच्या गादीत एरवीही पाऊण लिटरहून जास्त पाणी असतं, भर पावसाळ्यात त्याच्या दीडपटीच्या आसपास. २० मिनिटांच्या पंख्याने वरचं कापड वाळतं, पोटातला कापूस नाही. त्याला ऊनच हवं. पाऊस सरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात, १० ते ३ या वेळात प्रत्येक बाजू दोन-अडीच तास, मध्ये काठीने झोडपायची. लोक इथे चुकतात: गादी संध्याकाळपर्यंत गच्चीवर राहू देतात. ऊन कललं की हवेतली आर्द्रता चढते आणि कापूस कमावलेलं सगळं परत पितो. चारच्या आत खाली आणा, निवू द्या, मगच चादर घाला. गोळे झाले असतील तर ऊन देऊन भागत नाही, पिंजूनच घ्यावी लागते.

फोम आणि लेटेक्सला मात्र ऊन दाखवू नका. पिवळे पडतात, भुगा व्हायला लागतो. त्यांना सावलीत वारा.

दहा_बाय_बारा

हे सगळं पलंगवाल्यांचं चाललंय. ज्या खोलीत झोपायचं तिथेच सकाळी जेवणाची ताटं मांडायची असतात, तिथे अंथरूण उघडं ठेवणार कुठे?

वळकटी

रास्त आहे. पण वळकटी करताना वरची, घामाची बाजू आत जाते आणि दिवसभर तिथेच दबते. म्हणून आधी अंथरूण उलटं करून खुर्चीवर किंवा दोरीवर दहा-पंधरा मिनिटं टाका, मग सैल गुंडाळा. पट्ट्याने आवळून कपाटावर कोंबू नका. पावसाळ्यात लादी गार असते, गादीची ओल खालच्याच बाजूला धरते. खाली चटई हवीच. आणि ग्रिलवर वाळत घालू नका, कबुतरं आहेत.

प्लायवूड

मुंबईतल्या गाद्या वरून नाही, खालून कुजतात. बॉक्स बेडच्या प्लायला सनमायका, त्याखाली सामान ठासलेलं, हवा जाणार कुठून? सुताराकडून फळीला २५ मिलिमीटरची भोकं १५-१५ सेंटिमीटरवर पाडून घ्या, आतल्या आडव्या पट्ट्या आणि हायड्रॉलिकचे सांधे टाळून. आठवड्यातून एकदा गादी कडेवर उभी करून तासभर पंखा. आणि कंपनीचं प्लास्टिक! 'गादी खराब होऊ नये' म्हणून वर्षानुवर्षं न काढणारी घरं आहेत. रबरी प्रोटेक्टरचंही तेच. त्यावर रोज वारा द्या नाहीतर वादळ आणा, काही उपयोग नाही.

डांबरगोळ्या गादीखाली ठेवणाऱ्यांनी ती सवय आधी मोडावी. जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या तान्ह्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटू शकतात.

सहा_बाराची_लोकल

प्लास्टिकचं पटलं. पण पंधरा दिवस ऊनच नसेल तर?

दवबिंदू

दारं-खिडक्या बंद, गादी कडेवर उभी, उशा मोकळ्या, एसी ड्राय मोडवर दोन-तीन तास. पाण्याच्या नळीखाली बादली ठेवा. थेंब विरळ होत गेले की समजा, खोलीतली ओल उतरली. तोवर पलंगपोस घालू नका.