दुर्बिणीची वर्गणी आणि चंद्राचा खर्च

ए-१०१ (सेक्रेटरी): सर्वांना नमस्कार. येत्या शनिवारी रात्री ९ वाजता बी विंगच्या गच्चीवर आकाशदर्शन ठेवलं आहे. दुर्बीण घेऊन एक जाणकार गृहस्थ येणार आहेत. गुरू आणि त्याचे चार मोठे चंद्र दिसतील. वर्गणी दर फ्लॅट २०० रुपये. गच्चीवर गार वारा असतो, मुलांना स्वेटर घालून पाठवा.

सी-४०३: २०० रुपये आत्ताच पाठवतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मनात आलंय ते लिहितो. माझं गाव माण तालुक्यात. आई अजून तिथेच राहते. २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान उतरलं तेव्हा मी गावी होतो. तो ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला होता. टँकर यायचा आणि विहिरीत पाणी सोडून जायचा. मग सगळा गाव काठावर. दोर, कळशा, धक्काबुक्की. माती खाली बसायच्या आतच लोक शेंदायला लागायचे, त्यामुळे घरी आणलेलं पाणी गढूळच. आईचे हात दोराने सोलवटले होते. संध्याकाळी मी तिला मोबाईलवर चंद्राची बातमी दाखवली. तिने बघितली, बरं वाटलं म्हणाली आणि पाणी गाळायला उठली. तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही. आपल्यासारख्या देशाला हा खर्च परवडतो का?

बी-५०१: दादा, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. पण मुलांनाही काहीतरी बघायला मिळायला हवं ना. त्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी आमच्याकडे खालची चार पोरं जमली होती. तो वेगाचा आकडा खाली खाली येत होता तसा एकेकाचा आवाज बंद झाला. माझी लेक तेव्हा तिसरीत होती. २०१९ला आधीचं यान शेवटच्या टप्प्यात आपटलं होतं हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून तिने डोळेच मिटून घेतले होते.

सी-१०४: काका, आकडे देतो. चांद्रयान-३चा खर्च सुमारे ६१५ कोटी. १४० कोटी लोकांत वाटला तर माणशी साडेचार रुपयेसुद्धा नाहीत. अंतराळ विभागाची २०२५-२६ची पूर्ण तरतूद १३,४१६ कोटी आणि केंद्राचा एकूण अर्थसंकल्प साधारण ५०.६५ लाख कोटी. म्हणजे १०० रुपयांत २६-२७ पैसे.

सी-४०३: बाळा, हिशेब मलाही येतो. पण टक्केवारी लावली की कुठलाही खर्च लहानच दिसतो. १३ हजार कोटींत माझ्या तालुक्यात किती पाणी येईल ते सांग.

सी-१०४: काका, तुमच्या पाण्याचाच आकडा शोधला. घरोघरी नळ देणाऱ्या जलजीवन मिशनसाठी केंद्राने २०२४-२५ला ७० हजार कोटींच्या वर रक्कम ठेवली होती. वर्ष सरताना सुधारित अंदाजात ती सुमारे २२,७०० कोटींवर आली. कमी झालेल्या पैशात अंतराळ विभाग साडेतीन वर्षं चालला असता. पाण्याचा पैसा चंद्राने खाल्लेला नाही. ठेवलेला पैसाच पोचला नाही. मी स्वतः संशोधन करतोय, माझी फेलोशिप सहा-सहा महिने रखडते, त्यामुळे हे मला फार जवळून दिसतं. देशाचा संशोधनावरचा सगळा खर्च मिळून जीडीपीच्या ०.६४ टक्के आहे. त्यातून अजून कापून कुणाचं भलं होणार आहे?

सी-४०३: हा जलजीवनचा आकडा मला माहीत नव्हता. वाचून जास्तच राग आला, पण तो तुझ्यावर नाही. तरी एक सांग, ज्या सरकारकडून नळ पोचत नाही त्याच सरकारचं यान चंद्रावर कसं पोचतं? म्हणजे हुशार माणसं आणि लक्ष तिकडेच जास्त जातंय ना?

बी-२०५: दादा, मी सकाळपासून वाचतेय. थोडं मोठं लिहिणार आहे, माफ करा.

माझं माहेर श्रीवर्धनचं. आमची सुपारीची वाडी होती. होती म्हणते, कारण ३ जून २०२०ला निसर्ग वादळात ती गेली. लॉकडाऊन होता, मी इथेच अडकले होते. आदल्या दोन दिवसांत बाबांचे फोन येत होते. वादळ नक्की आपल्याच किनाऱ्याला लागणार, दुपारी येणार, वारा ताशी शंभरच्या वर जाणार, असं सगळं गावात आधी कळलं होतं. जीवना बंदरातल्या होड्या वर ओढून बांधल्या. बाबांनी विहिरीवरचा पंप खोलून घरात आणला, पडवीच्या कौलांवर जाळं टाकून दगड बांधले आणि आजीला घेऊन शाळेत गेले. आजी जायला तयार नव्हती. तिच्या लहानपणी बंदरावर बावटा चढायचा, तीन नंबरचा बावटा लागला की होड्या आत यायच्या, एवढीच सूचना. ज्या होड्या आधीच लांब गेलेल्या असायच्या त्यांना तो दिसायचाच नाही. तिचा सख्खा मामा तसाच गेला. त्याचं काही मिळालं नाही, होडीची फळीसुद्धा नाही.

दुपारी फोन बंद झाला. पुढे पाच दिवस लागला नाही. सहाव्या दिवशी बाबांचा आवाज ऐकला आणि त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं, "माणसं सगळी आहेत." मग वाडीचं सांगितलं. सुपारीची झाडं मधोमध मोडून एकावर एक पडली होती, आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. आमची रोठा सुपारी आजोबांनी लावलेली.

बाबांना दोन दिवस आधी जे कळलं ते वरून कळलं. इन्सॅट-३डी आणि ३डीआर हे उपग्रह आपल्या डोक्यावर ३६ हजार किलोमीटर उंचीवर जागच्या जागी राहून दर अर्ध्या तासाने ढगांचं चित्र पाठवत होते. समुद्रावर दुसरं कोण बघणार? तिथे ना गाव, ना केंद्र, ना माणूस. ओडिशाचं बघा. १९९९च्या वादळात १० हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१९ला फनी आलं, तेव्हा १२ लाख लोकांना आधी हलवलं आणि ओडिशात ६४ मृत्यू झाले. मला तेही नको होते. पण हा फरक केवढा आहे! हे एकट्या उपग्रहामुळे झालं असं मी म्हणत नाही. निवारे बांधले गेले, रडार आली, गावोगावी तरुण पोरं दारं ठोठावत फिरली. पण दार ठोठावायला कधी निघायचं ते त्यांना आधी कळावं लागतं.

ए-३०२: ताई, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

सी-४०३: ताई, हवामानाच्या उपग्रहाला माझा विरोध नाही. कधीच नव्हता. तो हवाच. मी चंद्राचं विचारतोय. चंद्रावरून कुणाला वादळ कळणार?

बी-२०५: बरोबर विचारलंत. माझा मावसभाऊ मासेमारी करतो. त्याला हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेकडून सूचना येते की अमुक दिशेला, इतक्या खोलीवर आज मासा असण्याची शक्यता आहे. ओशनसॅट उपग्रह पाण्याचा रंग बघतो. शेवाळासारखी सूक्ष्म वनस्पती जिथे जास्त तिथे पाणी हिरवट, आणि तिथे मासा चरायला येतो. भावाचं डिझेल वाचतं. तो ओशनसॅट-३ २०२२ला इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने नेला. २००२चा कल्पना-१ हा हवामानाचा उपग्रह पीएसएलव्हीनेच नेला होता. २००८चं पहिलं चांद्रयान आणि २०१३चं मंगळयानही त्याच जातीच्या रॉकेटने गेलं. तीच माणसं, तेच तळ. चंद्रावर जाणारं पथक वेगळं आणि मासा शोधणारं वेगळं असं तिथे नाही.

ए-३०२: आता मला राहवत नाही. मी निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, आयुष्य वालचंदनगरला गेलं. इंदापूर तालुका, सगळीकडे ऊस. एका बाजूला साखर कारखान्याची यंत्रं बनायची आणि दुसऱ्या बाजूला इस्रोच्या रॉकेटची केसिंग. केसिंग म्हणजे ज्यात घन इंधन भरतात ती पोलादी नळी. चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटला बाजूला दोन मोठे बूस्टर होते, त्यांचा व्यास ३.२ मीटर. त्यांचे भाग आमच्याकडे झाले. मॅरेजिंग स्टीलचा, म्हणजे फार मजबूत पोलादाचा, पत्रा गोल वळवायचा, जोडायचा आणि जोडाचा एक्स-रे काढायचा. एक्स-रेच्या फिल्मवर मोहरीएवढा ठिपका दिसला तरी काम थांबायचं. साखरेच्या यंत्रावर तयार झालेले वेल्डर हे शिकले, आणि शिकल्यावर त्यांचा साखरेच्या यंत्रावरचा हातही बदलला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तो ६१५ कोटींचा आकडा चंद्रावर नेऊन पुरलेला नाही. वालचंदनगरच्या, विक्रोळीच्या, बंगळूरच्या पगारपत्रकांत गेला आहे.

दुसरं. सी-४०३, तुमचा प्रश्न या कार्यक्रमाइतकाच जुना आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये अंतराळ शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस पुण्यात वारले, शंभरी पूर्ण करून. कोल्हापूरचा माणूस. विक्रम साराभाईंबरोबर रॉकेट उडवण्यासाठी केरळातल्या थुंब्याची जागा शोधण्यात त्यांचा हात होता. त्यांनी सांभाळलेला मोठा प्रयोग म्हणजे साइट. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी मागून घेतला आणि सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्ही लावला. डिश म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी ताणलेली, दहा फूट रुंद. शेती, आरोग्य, मुलांचे कार्यक्रम. आपल्या शहरातल्या बहुतेक घरांत टीव्ही नव्हता तेव्हा कर्नाटकातल्या रायचूरच्या, ओडिशातल्या खेड्यांत तो चालत होता. सुरुवात तुमच्या आईसारख्या माणसांपासून झाली होती, हे सांगावंसं वाटलं.

सी-४०३: काका, तुम्ही त्यातले आहात हे मला माहीत नव्हतं. मनापासून नमस्कार. पण मग आता मीच तुम्हाला विचारतो. सुरुवात माझ्या आईपासून झाली, आज कुठे आहे? माणूस अंतराळात नेणाऱ्या गगनयानला २०१८ला ९,०२३ कोटी मंजूर झाले. २०२४ला अंतराळ स्थानकाचा पहिला भाग त्यात धरून ती रक्कम २०,१९३ कोटी झाली. एकाच कार्यक्रमाला ३३ चांद्रयानं होतील इतके पैसे. आणि दुसरीकडे जानेवारी २०२५ला नॅव्हिकचा, म्हणजे आपल्या जीपीएससारख्या यंत्रणेचा, एनव्हीएस-०२ उपग्रह वर जाऊन व्हॉल्व्ह उघडला नाही म्हणून मधल्याच कक्षेत अडकला. मे महिन्यात पीएसएलव्हीचं उड्डाण फसलं, पृथ्वी निरीक्षणाचा उपग्रह गेला. जे ताईंच्या भावाच्या उपयोगाचं ते अडतंय.

सी-१०४: काका, अपयश येणारच. १९७९ला आपल्या एसएलव्ही-३ रॉकेटचं पहिलं उड्डाण समुद्रात गेलं, पुढच्याच वर्षी त्याच रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला.

सी-४०३: अपयशाबद्दल बोलतच नाहीये मी. आधी काय आणि मग काय, एवढंच विचारतोय.

बी-२०५: दादा, इथे मी तुमच्या बाजूची आहे. नॅव्हिकवरून खोल समुद्रातल्या होडीला वादळाचा निरोप देता येतो. मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर संपते. २०१७ला ओखी वादळात केरळ-तमिळनाडूची कितीतरी माणसं समुद्रातच राहिली, कारण ती निघाल्यावर इशारा वाढला आणि त्यांना सांगायला साधन नव्हतं. आजीच्या मामाची आणि त्यांची गोष्ट एकच, मध्ये ऐंशी-नव्वद वर्षं गेली तरी. म्हणून माझ्या मते पहिला रुपया ढग बघणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या उपग्रहांना. त्यांचा वारस वेळेवर वर गेला पाहिजे. दुसरा चंद्राला, मंगळाला, कारण तो खर्च खरंच लहान आहे आणि त्यातून माणसं तयार होतात. माणूस वर पाठवण्याचा खर्च तिसरा. तो नकोच असं नाही म्हणणार, पण त्याचा हिशेब संसदेत दरवर्षी कडक व्हावा. तुम्ही विचारता तसाच विचारावा.

बी-५०१: मला नाही पटत ताई. शुभांशु शुक्ला जून २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा माझ्या मुलीने फळ्यावर रोज त्यांचे दिवस मोजले. १९८४ला राकेश शर्मा गेले, त्यानंतर ४१ वर्षं आपल्या देशाचं कुणी पृथ्वीभोवतीच्या कक्षेत गेलंच नव्हतं. उपग्रहाचे दिवस कुठलं मूल मोजतं?

बी-२०५: हो, ते खरं आहे. माझ्याकडे याला उत्तर नाही. तरी क्रम तोच ठेवीन.

ए-३०२: मी क्रम थोडा वेगळा लावीन. गगनयानसाठी रॉकेट माणसाच्या भरवशाचं करावं लागतं, प्रत्येक जोड दुसऱ्यांदा तपासला जातो. ती शिस्त तुमच्या हवामान उपग्रहाच्या रॉकेटलाही मिळते. पण वीस हजार कोटी मोठी रक्कम आहे, हे मान्य. विचारलं पाहिजे.

सी-४०३: काका, शनिवारी तुम्ही दहा मिनिटं बोलाल का? दुर्बिणीच्या आधी. वेल्डिंगचं सांगा. आई परवा इथे येतेय, तिला खुर्ची लागेल, लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही.

ए-१०१ (सेक्रेटरी): शेवटच्या १४ पायऱ्या आहेत. मी आणि वॉचमन दोघं मिळून आणू त्यांना. जलजीवनचा तो आकडा मला वेगळा पाठवा, रविवारच्या सभेत नगरसेवक येणार आहेत, टँकरच्या विषयाबरोबर तोही ठेवतो.

सी-१०४: पाठवला. काका, माणमधल्या किती गावांना नळ मिळाला तेही शोधून ठेवतो.