नाकावर पडलेला एक केस, आणि मदत मागण्याचा थकवा

प्रश्न

चौदा महिन्यांपूर्वी माझ्या मानेच्या मणक्याला अपघातात इजा झाली. दुखापत सी-४ पातळीची, म्हणजे मानेच्या चौथ्या मणक्याजवळची, आणि पूर्ण स्वरूपाची आहे. श्वास माझा मी घेतो, मान फिरते, खांदे थोडे उचलता येतात. त्याखाली काही हलत नाही आणि काही जाणवतही नाही. भेटायला येणारे सगळे धरून चालतात की चालता न येणे हेच माझे सर्वांत मोठे दुःख असणार. मला खरा छळतो तो प्रकार वेगळाच आहे. परवा दुपारी नाकाच्या शेंड्यावर एक केस येऊन पडला. आई शेजारच्या खोलीत होती, पण त्या तासाभरात मी तिला तीनदा हाक मारली होती आणि ती नुकतीच पाठ टेकून पडली होती, म्हणून चौथ्यांदा हाक मारायला जीभ रेटेना. फुंकर मारून, ओठ वाकडे करून, मान उशीवर घासून पाहिले. पंधरा-वीस मिनिटांनी केस तसाच होता आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले होते.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मागण्याचा हा थकवा कधी कमी होतो का? आणि या आयुष्यातही काही मिळते असे जे सांगतात, ते खरोखर मिळते की ती मनाची समजूत असते? कृपया गोड बोलू नका.

पहिले उत्तर

माझीही दुखापत सी-४ पातळीचीच आहे आणि तिला आता एकोणीस वर्षे झाली. थकवा पूर्णपणे जात नाही, पण त्याचे रूप बदलते, आणि तो बदल आपोआप होत नाही, घडवून आणावा लागतो. पहिली दोन वर्षे मीही प्रत्येक हाक मोजत असे. मग आम्ही घरात एक पद्धत लावली. त्वचेवर एकाच जागी दाब राहू नये म्हणून माझी खुर्ची दर अर्ध्या तासाने मागे कलवावी लागते. त्या वेळी जो कोणी जवळ असेल तो मी न मागता चेहरा पुसतो, पाणी विचारतो आणि लघवीच्या पिशवीची नळी कुठे मुडपली आहे का ते पाहतो. किरकोळ मागण्यांना अशी हक्काची वेळ मिळाल्यावर मधल्या हाका निम्म्याहून कमी झाल्या आणि उरलेल्या मारताना जीव कानकोंडा होईना.

स्वावलंबनाबद्दलची माझी समजूत बदलली ती एड रॉबर्ट्‌स यांच्याविषयी वाचल्यावर. पोलिओमुळे चौदाव्या वर्षी ते मानेखाली जवळजवळ पूर्ण लुळे झाले, रात्री लोखंडी फुप्फुसात, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मोठ्या नळकांड्यासारख्या यंत्रात, झोपत, आणि तरीही 1962 साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात दाखल झाले. 1972 मध्ये तिथेच अपंगांनी अपंगांसाठी चालवलेले स्वतंत्र जीवन केंद्र उभे राहिले, त्यामागे ते होते. काम कोणाच्या हातांनी होते यापेक्षा ते केव्हा आणि कसे व्हावे हे कोण ठरवते, यावर स्वावलंबन मोजावे, अशी त्यांची मांडणी होती. ती पटल्यानंतर नव्या मदतनिसाला मी स्वतः शिकवू लागलो: मला कसे उचलायचे, कुशीवर वळवल्यावर टाचा कशा अधांतरी ठेवायच्या, अंघोळीनंतर लालसर डाग कुठे शोधायचे. आपले शरीर दुसऱ्याला नेमक्या शब्दांत समजावून सांगता येणे हे कौशल्य आहे, आणि ते अंगी यायला मला चार-पाच वर्षे लागली.

आता काय मिळते ते सांगतो. माझा भाचा बीजगणित शिकायला माझ्याकडे बसतो. त्याचे समीकरण चुकले की पूर्वीच्या मी पेन ओढून घेऊन दोन ओळींत ते सोडवून टाकले असते. आता पेन त्याच्याच हातात राहते. चूक कुठे आहे हे मला दिसत असते, पण ती त्याला दिसेपर्यंत मी फक्त प्रश्न विचारू शकतो, आणि कधी कधी एका उदाहरणावर आम्ही पाऊण तास बसतो. ज्या क्षणी त्याला चिन्ह बदलायचे राहिल्याचे समजते, तेव्हाचा त्याचा चेहरा मी हातपाय शाबूत असताना कधीच पाहिला नव्हता, कारण तेवढा वेळ मी थांबलोच नसतो. याच्या बदल्यात माझे हात कोणी परत देऊ केले, तर मी हातच घेईन. तरीही जे मिळाले ते समजूत नाही.

दुसरे उत्तर

माझ्या पतींची दुखापत सी-६ पातळीची, म्हणजे तुमच्याहून थोडी खालची आहे, त्यामुळे मी पलीकडच्या खोलीतून लिहीत आहे असे समजा. हाक मारायची टाळू नका, एवढेच मला कळकळीने सांगायचे आहे. एका रात्री माझी झोप मोडू नये म्हणून ते डोके ठणकत असताना तासभर गप्प राहिले. मी कुशीवर वळवण्याच्या ठरलेल्या वेळी उठले, तेव्हा कपाळावर घामाचे थेंब होते, चेहरा लाल झाला होता आणि एरवी शंभरच्या आसपास असणारा रक्तदाब 180 वर गेला होता. कॅथेटरची, म्हणजे लघवी बाहेर नेणारी, नळी मांडीखाली दबून मूत्राशय तुंबले होते. त्यांना उठवून बसवले, कपडे सैल केले, नळी मोकळी केली आणि काही मिनिटांत रक्तदाब उतरला. छातीच्या वरच्या भागातील किंवा मानेतील मज्जारज्जूच्या दुखापतीत रक्तदाब असा एकाएकी चढण्याचा धोका कायम असतो आणि वेळीच कारण दूर केले नाही तर तो जिवावर बेतू शकतो. चौथ्या हाकेने येणारा वैताग तासाभरात विरतो. ती रात्र अजून माझ्या मनातून जात नाही.

थकवा मलाही येतो, आणि तो लपवल्याने आमच्यात अबोलाच वाढला होता. सकाळच्या शौच-अंघोळीसाठी मदतनीस ठेवल्यापासून संध्याकाळी मी पुन्हा त्यांची बायको असते. मनगट मागे वळवले की बोटे आपोआप मिटतात, या एवढ्याशा हालचालीवर त्यांनी आठ महिने सराव करून पेला उचलला, तेव्हा निम्मे पाणी अंगावर सांडले होते आणि आम्ही दोघेही ते पुसायचे विसरून गेलो होतो.

तिसरे उत्तर

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामे जमावीत यासाठी मदत करणे हे माझे काम. केसाच्या प्रसंगावर साधा उपाय आहे: पलंगाच्या कडेला लवचीक दांड्यावर मऊ स्पंजाचा गोळा तोंडापासून वीतभर अंतरावर बसवून घ्या, म्हणजे मान वळवून नाक, गाल, भुवई घासता येते. गालाने किंवा फुंकरीने वाजणारी घंटाही बसवता येते. हनुवटीने चालणारी खुर्ची आणि आवाजावर चालणारा संगणक यांचा विचार त्यानंतर करा, पण फार लांबवू नका.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगायचे तर, अल्ब्रेख्त आणि डेव्हलीगर यांच्या 1999 सालच्या अभ्यासात गंभीर अपंगत्व असलेल्या निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी आपले जीवनमान चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले होते. बाहेरून पाहणाऱ्यांचा अंदाज याच्या उलट असतो. मात्र हा आकडा कोणी तुमचे दुःख दडपण्यासाठी वापरू लागले तर त्यांना थांबवा. झोप उडणे, कशातच मन न लागणे, जगणे नकोसे वाटणे असे आठवडेच्या आठवडे चालले असेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नैराश्यावर उपचार होतात आणि ते सोसणे हा दुखापतीचा अपरिहार्य भाग नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दुसरे उत्तर मी आईला मोठ्याने वाचायला लावले. रक्तदाबाच्या परिच्छेदाशी ती थांबली, आणि मग म्हणाली की मी हाक मारत नाही तेव्हाच तिला झोप लागत नाही. ती दारापाशी येऊन माझा श्वास ऐकत उभी राहते. हे मला चौदा महिन्यांत ठाऊक नव्हते. स्पंजाचा दांडा भाऊ आज संध्याकाळी बसवणार आहे. तो किती उंचीवर आणि कोणत्या बाजूला हवा ते मी त्याला सांगणार आहे.