विषय: कलम ७ – डोक्याला मार लागलेला खेळाडू परत कधी?

प्रेषक: क्रीडा समिती

सर्वांना नमस्कार,
आपल्या क्रिकेट-कबड्डी सामन्यांची नियमपत्रिका आज रात्री छापायला टाकायची आहे. बाकी सगळं मागच्या मीटिंगमध्ये ठरलं, घोडं अडलंय ते ७ वर. मसुदा असा: "डोक्याला चेंडू लागल्यास खेळाडूने १५ मिनिटे बसावे; बरे वाटल्यास कर्णधाराच्या संमतीने परत खेळावे." फिजिओ ताई, तुम्हाला नेमकं काय हवंय ते एका वाक्यात कळवा.

प्रेषक: प्रथमोपचार टेबल (फिजिओ)

एका वाक्यात: कन्कशनची (मेंदूला हिसका बसून त्याचं काम बिघडणं) नुसती शंका आली तरी त्या दिवशी तो खेळाडू परत मैदानात उतरणार नाही.

१५ मिनिटांना काहीच आधार नाही. लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उमटतात. २०१९ च्या ॲशेसमध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्मिथच्या मानेवर बसला. स्मिथ ८० वर बाहेर गेला, तपासणीत पास झाला, परत येऊन ९२ पर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो डोकेदुखी आणि सुस्ती घेऊन. सामना तर सुटलाच, पुढची कसोटीही गेली. तिथे डॉक्टर हजर होते. आपल्याकडे कर्णधार ठरवणार?

हिसका बसला की मेंदूच्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ते जागेवर आणायला पेशींना जास्त साखर लागते आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा कमी झालेला असतो. त्यात दुसरा मार बसला तर दुखणं लांबतं. कोवळ्या वयात क्वचित मेंदू झपाट्याने सुजतो आणि जीव जातो. आणि "बेशुद्ध तर पडला नव्हता" हे कुणी म्हणू नका, कन्कशन झालेल्या दहांपैकी नऊहून जास्त जण शुद्धीवरच असतात.

प्रेषक: कर्णधारांतर्फे

ताई, तत्त्व मान्य. पण चेंडू हेल्मेटला घासून गेला तरी गडी कमी? आणि बदली द्यायचा म्हटला तर फसवाफसवी होणार. २०२० मध्ये कॅनबेराला जडेजाच्या हेल्मेटला चेंडू लागला, त्याच्या जागी लेगस्पिनर चहल आला आणि ३ बळी घेऊन गेला. त्यावरून केवढा वाद झाला! इथे तर प्रत्येक संघ फलंदाजी आटोपली की बॉलर आत आणेल.

प्रेषक: पंच मंडळ

> प्रत्येक संघ फलंदाजी आटोपली की बॉलर आत आणेल

आयसीसीने १ ऑगस्ट २०१९ पासून बदलीची सोय केली तेव्हाच अट घातली आहे: बदली त्याच धाटणीचा हवा आणि सामनाधिकाऱ्याची मंजुरी हवी. आपणही तेच घालू. निव्वळ फलंदाजी करणारा बाहेर गेला तर बदली गोलंदाजी करणार नाही.

घासून गेलेल्या चेंडूचं म्हणाल तर आम्ही चेंडूकडे नाही, माणसाकडे बघतो. उठायला वेळ लागला, तोल गेला, नजर शून्यात, हात डोक्याला धरून बसला. गार्ड (यष्टीसमोर उभं राहायची खूण) मागतो, दिला की पुन्हा मागतो. यातलं एक दिसलं तरी बाहेर. मग विचारायचं: आपण कुठल्या मैदानावर आहोत? कितवा डाव? शेवटचा बळी कोणाचा? मागचा सामना कोणाशी होता, जिंकलो का? एक उत्तर चुकलं तरी बाहेर. मात्र सगळी बरोबर आली म्हणून लक्षण दिसलेला माणूस परत आत येत नाही, ही वाट एकेरीच आहे.

प्रेषक: कबड्डी उपसमिती

कलम ७ मध्ये "चेंडू" हा शब्द आहे, म्हणजे आम्हाला ते लागू नाही असं समजायचं का? पकड करताना दोन बचावपटूंची डोकी एकमेकांवर आपटतात, आणि ज्याला रक्त आलंय त्याच्याकडेच सगळे धावतात. दुसरा मुकाट साखळीत जाऊन उभा राहतो. तपासायचं दोघांनाही. आमच्याकडे राखीव खेळाडू असतात, त्यामुळे बदलीचा प्रश्न नाही. शब्द बदला, पण मॅटवर थांबवण्याचा अधिकार कबड्डीच्या पंचांकडेच राहील.

प्रेषक: वैद्यकीय सल्लागार

अधिकार कोणाकडेही ठेवा, पण पहिला प्रश्न मानेचा. मान दुखते, हातापायांना मुंग्या येतात, शक्ती गेली असं सांगितलं तर उठवून बसवायचं नाही, हेल्मेटही काढायचं नाही. श्वास अडला असेल तरच, आणि तेही शिकलेल्या माणसाने.

थेट ॲम्ब्युलन्स कधी: उलटी, झटका, बेशुद्धी, एकाचे दोन दिसणं, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी चढत जाणं, विनाकारण चिडून अंगावर येणं. १९९८ मध्ये ढाक्यात भारताचे क्रिकेटपटू रमण लांबा शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटविना उभे होते. चेंडू डोक्याला लागला, ते चालत बाहेर गेले, मग कोमात गेले आणि तीन दिवसांनी वारले. कवटीच्या आत रक्त साठायला वेळ लागतो, तोवर माणूस बरा दिसू शकतो. म्हणून पहिले ३ तास तरी एकट्याला सोडू नका, गाडी चालवू देऊ नका, दारू नाही. दुखलं तर पॅरासिटामोल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, रक्तस्राव वाढू शकतो.

टेबलावर स्कॅट-६ (कन्कशन तपासायची ठरलेली प्रश्नावली) ठेवतोय. १३ वर्षांपासून पुढे ते, ८ ते १२ ला लहानांचं. नीट करायला १० ते १५ मिनिटं आणि शांत जागा लागते. शब्दांची यादी ५ मिनिटांनी पुन्हा म्हणून घ्यायची असते, ते घाईत वगळू नका.

प्रेषक: एक पालक

सीटी स्कॅन नॉर्मल आला तर पुढच्या शनिवारी खेळवायला हरकत नाही ना? आणि चांगलं हेल्मेट घेतलं तर हे सगळं टळेल का?

प्रेषक: प्रथमोपचार टेबल (फिजिओ)

वहिनी, सीटीत रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दिसतं, कन्कशन नाही. हेल्मेट कवटी वाचवतं, आतला मेंदू हलायचा थांबवत नाही. तरी घ्याच, बीएस ७९२८:२०१३ (क्रिकेट हेल्मेटचं ब्रिटिश मानक) बघून, आणि जोराचा फटका बसला की बदला. आतला फोम एकदा दबला की बाहेरून कळत नाही.

परतीच्या सहा पायऱ्या, प्रत्येकीला किमान २४ तास. पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती, स्क्रीन कमी. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायचं नाही, त्याने उलट बरं व्हायला उशीर होतो. (१) रोजची हलकी कामं, चालणं. (२) सायकल किंवा भरभर चालणं, आधी कमाल हृदयगतीच्या ५५%, मग ७०% पर्यंत. (३) एकट्याने धावणं, कॅचेस. इथे डॉक्टरांची परवानगी. (४) धडक नसलेला सराव. (५) पूर्ण सराव. (६) सामना. पहिल्या तीन पायऱ्यांत त्रास दहाच्या मापावर २ हून जास्त वाढला किंवा तासाभरात उतरला नाही, तर त्या दिवशी थांबायचं. चौथीपासून जरा जरी लक्षण आलं तरी तिसरीवर परत. मुलांच्या बाबतीत आधी पूर्ण शाळा, मग सामना. शनिवारी नाही.

प्रेषक: क्रीडा समिती

कलम ७, सुधारित: "डोक्याला, चेहऱ्याला वा मानेला मार अथवा अंगाला जोराचा हिसका बसून कन्कशनची शंका आल्यास पंच वा प्रथमोपचार टेबल खेळाडूस बाहेर काढेल. त्या दिवशी पुनःप्रवेश नाही. बदली त्याच प्रकारचा, पंचांच्या मंजुरीने." रात्री ९ पर्यंत हरकत घ्या.

प्रेषक: गुणलेखक

हरकत नाही, एक भर. मार लागल्याची वेळ आणि दिसलेली लक्षणं स्कोअरशीटच्या मागे लिहू, प्रत घरच्यांच्या हातात देऊ. दवाखान्यात पहिल्यांदा तेच विचारतात. कबड्डीवाल्यांनी आपली शीट वेगळी आणावी.