जुना जपानी रिसीव्हर: डावा चॅनल हळू आवाजात जातो, व्हॉल्यूम वाढवला की येतो

गोदाकाठ_परभणी
मंडळी, सत्तरच्या दशकातला जपानी रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकत्र) आहे, दर चॅनलला ४० वॅट. सेट १२० व्होल्टचा, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो. डावा चॅनल मधूनच गायब होतो, रात्री हळू ऐकताना जास्त. व्हॉल्यूम झटकन वाढवला की 'खट्ट' होऊन आवाज येतो आणि बराच वेळ टिकतो. वरून थाप मारली तरी कधी कधी येतो. एफएम लावा नाहीतर ऑक्सला (बाहेरचं यंत्र जोडायचा सॉकेट) मोबाइल, फरक नाही. व्हॉल्यूम-बॅलन्समध्ये क्लीनर मारून झालाय. मेकॅनिक म्हणतो आउटपुट ट्रान्झिस्टर आणि सगळे कंडेन्सर बदला. त्याआधी दोष नेमका कुठं आहे हे कसं पकडायचं? मागे प्री-आउट (प्री-अँपमधून सिग्नल बाहेर) आणि मेन-इन (पॉवर अँपमध्ये सिग्नल आत) आहेत, त्यांना जोडणाऱ्या यू आकाराच्या पिना बसवलेल्या आहेत.

ओहम_लातूर
भाऊ, एवढ्यात काहीच बदलू नका. एफएम आणि ऑक्स दोन्हीकडं तेच होतंय म्हणजे ट्यूनर (रेडिओचा भाग) संशयातून सुटला. आता दोष सेटच्या कुठल्या अर्ध्या भागात आहे ते बघा. बंद करून आधी स्पीकरच्या वायरी डाव्या-उजव्या बदला. दोष उजव्या स्पीकरवर गेला तर स्पीकर आणि त्याची वायर निर्दोष. वायरी परत जागेवर लावा, मग यू पिना काढून आरसीए केबलनं डावा प्री-आउट उजव्या मेन-इनला आणि उजवा डाव्याला द्या. आता उजवा स्पीकर जायला लागला तर दोष प्री-अँपच्या बाजूला: टेप मॉनिटर, मोड, सिलेक्टरचे स्विच. डावाच जात राहिला तर पॉवर अँप, रिले (स्पीकर आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) किंवा स्पीकर ए-बी स्विच (स्पीकरची कुठली जोडी वाजवायची ते निवडणारा). यू पिनांवर काळपटपणा असेल तर तोच दोष असू शकतो, म्हणून पिना आणि सॉकेट आधी पुसून घ्या.

खरखर_नांदेड
लक्षण सरळ रिलेचं आहे. सेट चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी 'टक' वाजतं तो प्रोटेक्शन रिले. दोन्ही स्पीकर त्याच्या कॉन्टॅक्टमधून जातात. इतक्या वर्षांत कॉन्टॅक्टवर काळी पापुद्री बसते. हळू आवाजात स्पीकरला व्होल्टेज असतं अगदी थोडं, ते पापुद्री फोडू शकत नाही. व्हॉल्यूम वाढवला की फुटते, म्हणून तो 'खट्ट'.

खात्री करायची तर मोबाइलवर २०० हर्ट्झचा टोन लावा आणि हळू ठेवा. मल्टिमीटर २ व्होल्ट एसी रेंजचा हवा. पिवळ्या ८३० मीटरची एसी रेंज २०० व्होल्टपासून सुरू होते, त्यावर हे दिसणार नाही. काळी प्रोब डाव्या स्पीकरच्या मायनसला, लाल आधी रिलेच्या अँपकडच्या पिनेवर, मग स्पीकरकडच्या पिनेवर. दोन्हीकडं आकडा जवळपास सारखाच यायला पाहिजे. स्पीकर जोडलेलाच ठेवा, लोड नसेल तर खराब कॉन्टॅक्टवरही आकडा पूर्ण दिसतो. आणि राव, चालू सेटमध्ये प्रोब हातात धरून टोचू नका. सेट बंद असताना हुकची क्लिप लावा, मग चालू करा. प्रोब घसरून आउटपुट चॅसीला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) लागला तर चांगले ट्रान्झिस्टर खरंच उडतील.

ओहम_लातूर
रिले बरोबर वाटतो, पण थाप मारल्यावर आवाज येतो हे विसरू नका. रिलेच्या पिनांभोवती सोल्डरला गोल भेग पडलेली असते, भिंग घेऊन बघा. वाळलेल्या बांबूच्या काडीनं बोर्ड दाबत जा. भेग दिसली तर जुनं सोल्डर ओढून घ्या आणि ६०/४० (कथील-शिसं) नवं भरा. ए-बी स्विचही संशयातून सुटत नाही. आपल्याकडच्या उन्हाळी धुळीनं तो चिकट होतो. कॉन्टॅक्ट क्लीनर नळीनं थेट आत मारा आणि स्विच वीस-तीस वेळा फिरवा. गंज सोडवायचा स्प्रे नको. डायलच्या काचेवर क्लीनर उडू देऊ नका, छापलेले आकडे निघून येतात.

गोदाकाठ_परभणी
प्री-आउटच्या केबल उलटसुलट लावल्यावरही डावाच गेला. रिलेआधी २१० मिलीव्होल्ट, नंतर ३५. उजवीकडं २१० आणि २०७. सोल्डरला भेग नाही. कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरनं घासू का?

खरखर_नांदेड
नको. वरचा मुलामा निघाला की महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. मेन प्लग काढा, फिल्टर कंडेन्सर १०० ओहम ५ वॅटच्या रेझिस्टरनं डिस्चार्ज करा, दोन्ही रेलवर (प्लस आणि मायनस पुरवठा) १ व्होल्टच्या आत आलंय हे मीटरवर बघा. रिलेचं प्लास्टिकचं टोपण उचला. साध्या कोऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टमध्ये घाला, पाती बोटानं हलकी दाबून पट्टी ओढा. कागद काळा निघत राहील तोवर नवी पट्टी. अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडं मिळतं.

पण हा तात्पुरता उपाय. कॉन्टॅक्टवर खड्डे दिसले तर रिले बदला. पिनांची ठेवण तीच हवी, कॉइलचं व्होल्टेज आणि ओहमही जुन्याइतकेच. बऱ्याच सेटमध्ये कॉइलला सिरीज रेझिस्टर असतो, कॉइलचे ओहम बदलले की रिले नीट ओढत नाही.

ओहम_लातूर
रिले बसवल्यावर स्पीकर लगेच जोडू नका. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा, सेट पंधरा मिनिटं तापल्यावर. दोन्हीकडं ५० मिलीव्होल्टच्या आत पाहिजे. डावीकडं शंभरच्या वर दिसला किंवा आकडा सारखा नाचत असला तर डिफरन्शियल पेअर (पॉवर अँपच्या सुरुवातीची ट्रान्झिस्टरची जोडी) बघावी लागेल. मग बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो इथं टाका.