मदत हवी आहे: नव्या ओलेड टीव्हीवर सिनेमातले पॅन शॉट अडखळतात, पॅनल सदोष आहे का?

पडदाप्रेमी

नमस्कार मंडळी,

नऊ वर्षं वापरलेला 43 इंची एलसीडी काढून तीन आठवड्यांपूर्वी 65 इंची ओलेड घेतला. 2022 मध्ये क्यूडी-ओलेडचे (क्वांटम डॉटवाल्या ओलेडचे) पहिले टीव्ही बाजारात आले तेव्हापासून मी या खरेदीच्या मागे होतो. पांढऱ्या सबपिक्सेलचं पॅनल घ्यावं की क्वांटम डॉटचं, मायक्रोलेन्समुळे उजेड किती वाढतो, डॉल्बी व्हिजन (चित्राच्या उजेड-रंगांचं डॉल्बीचं तंत्र) हवंच का, सगळं वाचून झालं होतं. पहिल्या रात्री दिवे मालवून अंतराळावरचा एक माहितीपट लावला. टीव्हीची चौकट कुठे संपते आणि खोलीतला अंधार कुठे सुरू होतो ते कळेना. पिक्सेल स्वतःच उजळतो आणि काळ्या रंगासाठी पूर्ण विझतो, हे शंभर वेळा वाचलेलं वाक्य त्या रात्री डोळ्यांनी पाहिलं.

आता अडचण. सिनेमात कॅमेरा संथपणे एका बाजूने दुसरीकडे फिरतो तेव्हा चित्र सरकत नाही, उड्या मारतं. डोंगररांगांवर तितकंसं जाणवत नाही. पण कुंपणाचे खांब, खिडक्यांच्या रांगा, झाडांचे बुंधे, अशा उभ्या कडा आल्या की डोळ्यांना अक्षरशः टोचतं. रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते, हर्ट्झमध्ये) वगैरेशी आईला काही देणंघेणं नाही, पण पहिल्यांदा विचारलं तिनेच: "अरे, नेट अडकतंय का? मधेमधे थांबतंय बघ."

नेट अडकत नाहीये. केबल बदलून 48 गिगाबिटवाली लावली, सॉफ्टवेअर अपडेट केलं, टीव्ही फॅक्टरी रीसेटही केला. घरी आलेल्या तंत्रज्ञांनी पेन ड्राइव्हमधला त्यांचा डेमो व्हिडिओ लावला, "पॅनल एकदम मस्त आहे" म्हणाले आणि गेले. त्या डेमोत खरंच सगळं लोण्यासारखं चालत होतं. ग्राहक सेवेच्या फोनवर मात्र सांगितलं की पॅनल बदलावं लागेल बहुतेक. आता विश्वास कोणावर ठेवायचा?

माझी निरीक्षणं: खेळांचं प्रक्षेपण गुळगुळीत दिसतं. गेमिंग कन्सोल 120 हर्ट्झला लावला की काय वर्णावं! त्रास फक्त सिनेमा आणि वेब सीरिजला होतो, आणि बाहेरच्या स्ट्रीमिंग बॉक्सवर जास्त वाटतो. जुन्या टीव्हीवर हेच सिनेमे कधी खटकले नव्हते. पिक्चर मोड 'फिल्ममेकर' आहे, म्हणजे टीव्हीने चित्रात स्वतःचे फेरफार न करण्याचा.

परत करायची मुदत आणखी आठ दिवस आहे. हा दोष आहे की ओलेड असाच असतो?

साधा_प्रेक्षक

सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग शोधा आणि चालू करा. दोन मिनिटांचं काम आहे.

पडदाप्रेमी

केलं होतं, पहिल्याच दिवशी. अडखळणं गेलं, पण सिनेमाचा सिनेमा राहिला नाही. स्टुडिओत शूट केलेल्या दुपारच्या मालिकेसारखं दिसायला लागलं. शिवाय एक माणूस जाळीच्या कुंपणासमोरून चालत गेला तेव्हा त्याच्या डोक्याभोवतीची जाळी पाण्यासारखी वितळत होती. टीव्हीने मनाने बनवलेल्या फ्रेम आहेत त्या. इतकं चांगलं पॅनल घेऊन खोट्या फ्रेम बघायच्या, हे मन मानत नाही.

उत्तररात्र

पडदाप्रेमी, टीव्ही परत करू नका, निदान आज तरी नको. तुमच्या वर्णनात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एक दुरुस्त होते, दुसरी फक्त कमी होते.

आधी दुरुस्त होणारी. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा. तुमचा बॉक्स बहुधा सगळं काही 60 हर्ट्झला बाहेर पाठवतो, कारण बऱ्याच बॉक्सवर तीच मूळ सेटिंग असते. 60 ला 24 ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून बॉक्स एक फ्रेम तीनदा दाखवतो, पुढची दोनदा, पुन्हा तीनदा, पुन्हा दोनदा. म्हणजे एक फ्रेम 50 मिलिसेकंद थांबते आणि पुढची 33. कॅमेरा एकाच वेगाने फिरत असला तरी पडद्यावर तो लंगडतो. याला जडर म्हणतात. 120 हर्ट्झच्या पॅनलवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाचदा बसते, तिथे हा प्रश्न यायलाच नको.

बरेच टीव्ही 60 हर्ट्झच्या सिग्नलमधली ही 3:2 ची लय ओळखून मूळ 24 फ्रेम परत मिळवतात. पण गेम मोडमध्ये लॅग (बटण दाबल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा उशीर) वाचवायला बहुतेक टीव्ही हे काम सोडून देतात. तुमचा बॉक्स ज्या एचडीएमआय पोर्टला आहे त्यावर गेम मोड किंवा पीसीचं लेबल राहिलंय का, ते आधी बघा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये 'मॅच फ्रेम रेट' किंवा 'मॅच कंटेंट' असं काही असेल, ते चालू करा, म्हणजे सिनेमा जितक्या फ्रेमचा तितक्याच हर्ट्झने बॉक्स तो पाठवेल.

तंत्रज्ञांचा डेमो गुळगुळीत दिसला याचं नवल नाही. असे डेमो बहुधा 60 फ्रेमचे असतात. त्यावरून 24 फ्रेमबद्दल काहीच ठरत नाही.

अंदाजावर जाऊ नका, मोजा. व्हिडिओ एडिटरमध्ये 24 फ्रेमची एक क्लिप बनवा, प्रत्येक फ्रेमवर फक्त मोठा आकडा: 1, 2, 3, 4... ती टीव्हीवर चालवून फोनच्या 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शूट करा आणि प्रत्येक आकडा फोनच्या किती फ्रेम टिकतो ते मोजा. सगळीकडे 10 आले तर लय बरोबर आहे. 12, 8, 12, 8 आलं तर चोर सापडला.

पडदाप्रेमी

मोजलं! रात्री दीडपर्यंत बसलो होतो.

बॉक्सवरून: 12, 8, 12, 8, 12, 8. शब्दशः तुम्ही लिहिलंत तसं. फोनवर एकेक फ्रेम पुढे सरकवताना '7' हा आकडा संपता संपेना आणि '8' आला आला म्हणेपर्यंत गेला. पोर्ट बघितलं तर तिथे गेम मोड चालू. पहिल्या आठवड्यात कन्सोल तिथेच लावला होता, नंतर केबली बदलल्या आणि मोड तसाच राहिला. फॅक्टरी रीसेटनंतरही मीच उत्साहाने पुन्हा सगळ्या पोर्टना गेम मोड लावला होता.

गेम मोड काढला, बॉक्समध्ये 'मॅच फ्रेम रेट' लावलं, पुन्हा शूट केलं: 10, 10, 10, 10. मधे एखादा 9 किंवा 11, पण तो फोनचा हिशेब असावा.

लंगडणं गेलं, यात शंका नाही. पण उड्या पूर्ण गेल्या नाहीत. आता त्या सारख्या अंतराने पडतात एवढंच. उत्तररात्र, ही तुमची दुसरी गोष्ट का?

उत्तररात्र

हो, तीच. स्टटर. इथे टीव्हीचा काही दोष नाही. खरं तर त्याचा गुणच आड येतोय.

एलसीडीचा पिक्सेल एका छटेतून दुसरीत जायला काही मिलिसेकंद घेतो, जुन्या पॅनलमध्ये दहा-पंधरासुद्धा. त्या वेळात आधीची फ्रेम पुढच्या फ्रेममध्ये थोडी विरघळते. तुमच्या जुन्या टीव्हीचा गुळगुळीतपणा म्हणजे हा पुसटपणाच होता. ओलेडचा पिक्सेल साधारण 0.1 मिलिसेकंदात बदलतो. फ्रेम येते, जवळपास 42 मिलिसेकंद दगडासारखी स्थिर उभी राहते आणि क्षणात पुढची येते. आपला डोळा मात्र खांबाचा पाठलाग करत सलग सरकत असतो. डोळा पुढे गेला आणि खांब मागेच उभा, मग एकदम उडी. ते टोचतं.

त्यात पडद्याचा आकार. छायाचित्रणात एक जुना ठोकताळा आहे: पॅन करताना एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला निदान सात सेकंद लागावेत. सात सेकंद म्हणजे 168 फ्रेम. तुमच्या 65 इंची पडद्याची रुंदी सुमारे 144 सेंटिमीटर. भागा: दर फ्रेमला साडेआठ मिलिमीटरची उडी. जुन्या 43 इंचीवर तीच उडी साडेपाच-पावणेसहा मिलिमीटरची होती. बसायची जागा तुम्ही बदलली नसेल, म्हणजे डोळ्याला उडी दीडपट मोठी झाली. दिग्दर्शकाने घाई करून साडेतीन सेकंदात पॅन उरकला असेल तर ती सतरा मिलिमीटर होते.

आणि उजेड. चित्रपटगृहात पडद्यावरच्या पांढऱ्या रंगाच्या उजेडाचं प्रमाण 48 निट्सचं आहे (निट हे उजेड मोजायचं एकक). तुमच्या टीव्हीवर एचडीआरमधलं (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्रातलं; साधं चित्र ते एसडीआर) तेजस्वी आकाश कित्येक शे निट्सचं असतं. चित्र जितकं उजळ आणि कॉन्ट्रास्ट जितका तीव्र, तितकी डोळ्याला उडी जास्त कळते. म्हणून उन्हातले पॅन शॉट सर्वांत वाईट दिसतात आणि रात्रीचे तितके नाहीत. पडताळून पाहा.

कंदील

खूप उपयोगी चर्चा. माझ्याकडेही ओलेड आहे, एक वेगळा प्रश्न विचारून घेते. रात्री टीव्ही बंद केला की मी लगेच भिंतीवरचं बटणही बंद करते. चालतं ना?

उत्तररात्र

लगेच करू नका. काही तास वापर झाला की टीव्ही स्टँडबायमध्ये गेल्यावर आपोआप पिक्सेलची झीज मोजून ती भरून काढतो. ते काम काही मिनिटं चालतं, पण त्याला वीज लागते. रोज वीज तोडली तर ते कधीच पूर्ण होणार नाही आणि स्थिर चित्रांचे डाग राहायची शक्यता वाढेल.

साधा_प्रेक्षक

मग पहिलाच सल्ला पुन्हा देतो, थोडा सुधारून. स्मूदिंग म्हणजे चालू किंवा बंद असं नसतं. एलजीमध्ये ट्रूमोशनमध्ये 'डी-जडर' आहे, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटीमध्ये 'जडर रिडक्शन', सोनीमध्ये मोशनफ्लोमध्ये 'स्मूदनेस'. शून्य ते दहा असेल तर दोन किंवा तीनवर ठेवून बघा. मी गेली तीन वर्षं दोनवर ठेवलंय. मालिकेसारखं दिसत नाही आणि पॅनही सुसह्य होतात. मला यात पाप वाटत नाही. उड्यांकडे लक्ष जाऊन सिनेमातून बाहेर फेकलं जाण्यापेक्षा हे बरं.

पडदाप्रेमी

मला अजूनही ते पटवून घ्यायला जड जातंय. 2019 मध्ये यूएचडी अलायन्सने (टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या संघटनेने) फिल्ममेकर मोड आणला तो हे सगळं बंद करण्यासाठीच ना? दिग्दर्शकांनी किती मागणी केली होती त्यासाठी. त्यांनी ठरवलेलं चित्र जसंच्या तसं मिळावं, याच हौसेपोटी मी हा टीव्ही घेतला. ब्लॅक फ्रेम इन्सर्शन (फ्रेमच्या मधे काळी फ्रेम घालणं) चालेल का? त्यात खोट्या फ्रेम नसतात.

उत्तररात्र

खेळांसाठी आणि 60 फ्रेमच्या गेमसाठी उत्तम, सिनेमासाठी नाही. पॅनल 60 किंवा 120 वेळा लुकलुकतं आणि फ्रेम मात्र 24 च, त्यामुळे एकच फ्रेम डोळ्याला वेगवेगळ्या जागी पुन्हा पुन्हा दिसते आणि कडा दुहेरी-तिहेरी होतात. वर उजेडही साधारण निम्म्यावर येतो.

तुमच्या तत्त्वाचा मी आदर करतो. पण दिग्दर्शक पॅनचा वेग ठरवताना मोठ्या पडद्यावरचा 48 निट्सचा उजेड डोळ्यांपुढे ठेवतो, तुमच्या पॅनलचा झगझगाट नाही. त्याला अभिप्रेत चाल तुमच्या खोलीत उमटवायची तर थोडी तडजोड करणं हा त्याचा अपमान आहे असं मला वाटत नाही. डॉल्बीने सप्टेंबर 2025 मध्ये व्हिजन 2 जाहीर केलं, त्यात कोणत्या शॉटला किती स्मूदिंग हवं ते सिनेमा बनवणाऱ्यांनीच ठरवायची सोय ठेवली आहे. म्हणजे अडचण त्यांनाही मान्य आहे.

करून बघा: एचडीआरसाठी डी-जडर 2, साध्या एसडीआरसाठी 0, आणि डी-ब्लर (60 फ्रेमच्या चित्रातला पुसटपणा कमी करणारी सेटिंग) दोन्हीकडे 0. खोलीत मागच्या भिंतीवर मंद दिवा असेल तर तोही लावा. पूर्ण अंधारात डोळ्याला चित्र जास्तच झगझगीत वाटतं.

पडदाप्रेमी

चार रात्री हेच केलं. एचडीआरला 2 वर ठेवलंय. तो जाळीच्या कुंपणाचा प्रसंग मुद्दाम पुन्हा लावला: जाळी वितळत नाही, माणूस सिनेमातलाच वाटतो. 3 वर गेलो की डोक्याभोवती किंचित हललेलं दिसतं, म्हणून 2 च. एसडीआरला 0, आणि तिथे मला खरंच काही खटकत नाही. उन्हातल्या शॉटबद्दलचं तुमचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं.

एकच शंका राहिली. बॉक्सवर एखाद्या लांब पॅनमध्ये मधेच एक बारीकसा हिसका बसतो. घड्याळ लावून बघितलं तर दोन हिसक्यांमध्ये चाळीस-एक सेकंद. टीव्हीच्या स्वतःच्या ॲपवर नाही.

उत्तररात्र

चाळीस सेकंद मोजलेत हे फार छान केलंत, निदान तिथेच झालं. बरेचसे सिनेमे घरच्या पडद्यासाठी 24 नव्हे, 23.976 फ्रेमने येतात. बॉक्स बरोबर 24 हर्ट्झ पाठवत असेल तर सेकंदाला 0.024 फ्रेमचा फरक पडतो आणि साधारण 42 सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. बॉक्सच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये 23.976 किंवा 23.98 हर्ट्झ असा वेगळा पर्याय शोधा.

पडदाप्रेमी

सापडला, यादीच्या अगदी तळाशी होता. पाच मिनिटांचा एक सलग शॉट पूर्ण बघितला, एकही हिसका नाही.

आज संध्याकाळी आईला काहीही न सांगता तोच पहिल्या दिवशीचा सिनेमा लावला. खांबांचा शॉट आला तेव्हा मी टीव्हीकडे नाही, तिच्याकडे बघत होतो. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस, पुढे बघू दे."

टीव्ही परत करत नाहीये.