यवतेश्वर घाटातला कॉसमॉस उपटायचा की राहू द्यायचा?

कडेपठार: परवा कासला जाताना यवतेश्वर घाटात दोन-तीन वळणांवर केशरी-पिवळा कॉसमॉस दिसला, लोक गाड्या लावून त्यात उभे राहून फोटो काढत होते. पुणे-सातारा हायवेच्या कडेला तर तो कधीचाच पसरलाय. माझं स्पष्ट मत आहे, बी धरायच्या आत उपटला पाहिजे. मूळचा मेक्सिकोकडचा, शोभेसाठी बागेत लावला आणि तिथनं सुटला. काळं सुईसारखं बी कपड्याला चिकटून कुठंही जातं, रोप कमरेएवढं होतं आणि आमची गुरं त्याला तोंड लावत नाहीत. त्याच्या सावलीत आपली बुटकी सोनकी, तेरडा कसे जगणार? २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीत गेलेलं पठार आहे ते!

मधपेटी: दादा एवढं काय त्यात, पाऊस सरला की आमच्या माशा त्यावर बसतात, मी रोज बघतोय. आणि परकं म्हणाल तर मिरची, भुईमूग, मका, बटाटा, सगळंच अमेरिका खंडातनं आलंय, ते पण उपटायचं का?

कडेपठार: मिरची कधी बांध ओलांडून डोंगर चढली का भाऊ? खुरपली नाही तर तणात मरते ती.

कृष्णाकाठ, सांगली: तुम्ही फुलावरनं भांडताय, इकडं बांधावर गाजरगवत माजलंय त्याचं बोला. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात, पुण्यात १९५० च्या दशकात पहिल्यांदा दिसलं आणि आज एक रान सुटलेलं नाही. भांगलायला गेलेल्या बायकांच्या हाताला खाज उठते, गाईनं खाल्लं तर दूध कडू. मेक्सिकन भुंगे सोडून बघितले, पावसाळ्यात पाला खातात पण संपवत नाहीत. माणसं आहेतच चार, आधी हे काढा मग फुलाकडं बघू.

वाळवा_एक्सप्रेस: काका, जलपर्णी पण फूल बघूनच भारतात आणलेली, शोभेची म्हणून. कृष्णेत ती साचली की पाणी दिसत नाही. घाणेरीचंही तेच. तेव्हा पण कुणीतरी असंच म्हणालं असेल, राहू द्या छान दिसतंय.

रानवाट: मी वनस्पतीशास्त्र शिकवते. कासच्या उघड्या कातळावर, जिथं बोटभर माती आहे तिथं कॉसमॉस फार टिकेल असं मला वाटत नाही, धोका आहे तो रस्त्याकडेच्या मुरमाड जागेला आणि जिथं माती साठलीय तिथं. आणि दादा, मुळासकट ओरबाडून जमीन उकरून ठेवलीत तर त्या मोकळ्या जागेत पहिलं कोण येईल? गाजरगवतच. त्यामुळं पाऊस चालू असताना, माती ओली असतानाच रोप हलक्या हातानं काढा, आणि बी धरलेलं असेल तर तिथं न टाकता पोत्यात भरून खाली आणा.

कडेपठार: ताई, हे ध्यानात आलं नव्हतं, बरं झालं सांगितलंत.

मधपेटी: मग एवढंच ऐका, घाटातला काढा, हायवेचा राहू द्या. माशांना पण काहीतरी पाहिजे.

कडेपठार: भाऊ, घाटात तो हायवेवरनंच आलाय.