सतत पत्ते बदलणाऱ्या नेटवर्कचा फायदा आणि खर्च मोजायचा कसा?

कडीकोयंडा:
नमस्कार मंडळी. आमच्या एका /२४ सबनेटवर (२५६ पत्त्यांच्या नेटवर्कच्या तुकड्यावर) चाचणी म्हणून मूव्हिंग टार्गेट पद्धतीचा बचाव सुरू केलाय. म्हणजे दर १० मिनिटांनी मशीनचे आयपी पत्ते बदलतात. शिवाय आयडीएसचा (घुसखोरी ओळखणाऱ्या यंत्रणेचा) इशारा आला की संशयित मशीन आपोआप वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या अलग कप्प्यात) टाकलं जातं. आता वरिष्ठ विचारतायत, उपयोग किती आणि खर्च किती? व्हेंडरच्या डॅशबोर्डवर 'अडवलेले हल्ले' म्हणून मोठा आकडा दिसतो, पण तिथे स्कॅनचं (पत्ते चाचपून बघण्याचं) प्रत्येक पॅकेट हल्ला म्हणून धरलंय. सीपीयू आणि बँडविड्थवरचा भार मोजला, तो नगण्य आहे. मग खर्च नाहीच असं कळवू का?

पॅकेटपारखी:
नका कळवू. आणि डॅशबोर्डचा आकडा अहवालात घेऊच नका. मोजायचं ते हल्लेखोराचं काम किती वाढलं हे, तेही टप्प्याटप्प्याने.

शोधाच्या टप्प्याची कमाल मर्यादा कागदावरच निघते. २५६ पत्ते धरा, त्यात एकच कच्चं (हल्ल्याला बळी पडू शकणारं) मशीन. पत्ते स्थिर असतील तर ते सरासरी १२८.५ प्रयत्नांत सापडतं, २५६ मध्ये हमखास. आता आपल्या सर्वांत सोयीची कल्पना करा: हल्लेखोराच्या प्रत्येक प्रयत्नानंतर पत्ते बदलतात. तरीही सरासरी २५६ प्रयत्न, आणि तेवढ्यात मशीन सापडण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के. म्हणजे फार तर दुप्पट काम. तुमचं तर १० मिनिटांचं अंतर आहे आणि /२४ चा साधा स्कॅन काही सेकंदांत उरकतो. या टप्प्यावर हाती जवळपास काही लागत नाही.

खरा फायदा शोधायचा तर जुन्या माहितीत शोधा. काल जमवलेली पत्त्यांची यादी आज निकामी होते का? तेही आत शिरलेला हल्लेखोर डीएनएसला (मशीनच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) विचारून नवा पत्ता मिळवत नसेल तरच.

खर्च सीपीयूत दिसणार नाही. पत्ता बदलताना चालू टीसीपी कनेक्शनचं काय होतं? तुटत असतील तर वापरकर्ते भोगतात. जुना पत्ता तेवढ्यापुरता जिवंत ठेवत असाल तर बचाव पातळ होतो. डीएनएसचा टीटीएल (मिळालेला पत्ता किती वेळ जपून ठेवायचा ती मुदत) कमी केला की चौकशा वाढतात, आणि काही क्लायंट तो पाळतच नाहीत. सगळ्यांत जड खर्च लॉगचा. 'दुपारी २:१० ला हा पत्ता कोणाचा होता?' याचं उत्तर देता येत नसेल, तर प्रत्येक तपासात माणसांचे तास जातात. ते तास लिहून ठेवा. हा खर्च कोणी मांडत नाही याचा मला मनापासून राग येतो, कारण तो रात्री जागणाऱ्या माणसांच्या अंगावर पडतो.

रात्रपाळी:
आपोआप वेगळं टाकण्याबद्दल. दिवसाला १० लाख कनेक्शन, त्यांतली खरोखर वाईट १०, आणि खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण अवघं १ टक्का असं धरा. तरी रोजचे सुमारे १०,००० खोटे इशारे. अ‍ॅक्सेलसन या संशोधकाने १९९९ मध्येच हे दाखवून दिलंय. दुसरं, हल्लेखोराने खोटा सोर्स (पाठवणाऱ्याचा) पत्ता घालून तुमचाच सर्व्हर वेगळा टाकायला लावला तर? चाचणीत हेही करून बघा.

कडीकोयंडा:
दोघांचेही आभार. तुलना नेमकी कशी लावू? बचाव सुरू असताना हल्ल्याच्या काही चाचण्या ठरलेल्या वेळेत पूर्णच होत नाहीत. त्या वगळू का?

पॅकेटपारखी:
अजिबात नको. बचाव चालला असेल तर तो त्याच चाचण्यांत दिसेल. 'इतक्या वेळेपर्यंत टिकला, पुढचं माहीत नाही' अशी नोंद करा आणि कॅप्लान-मायर आलेख (किती वेळेपर्यंत किती टिकले ते दाखवणारा) काढा. १९५८ पासूनची पद्धत आहे, औषधांच्या चाचण्यांत रोज वापरतात.

हल्ल्याची तीच स्क्रिप्ट, तीच रहदारी, बचाव कधी चालू कधी बंद, क्रम यादृच्छिक. स्क्रिप्टसाठी मायटरचं कॅल्डेरा (हल्ल्यांची आपोआप नक्कल करणारं साधन) चालेल. विलंबाची सरासरी नको, ९९वा शतमानक (९९ टक्के वेळा विलंब ज्याच्या आत राहतो तो आकडा) घ्या. पत्ते बदलण्याच्या क्षणीचा त्रास सरासरीत बुडून जातो. तिसरा गट हवाच: पत्ते स्थिर, पण पॅचेस वेळेवर आणि सबनेटचे कप्पे नीट पाडलेले. वरिष्ठांना निर्णय घ्यायचाय तो या गटाशी तुलना करून. फायदा आणि खर्च मिळून एकच गुण काढू नका, दोन अक्षांवर वेगळे दाखवा.

आणि पत्त्यांचं मॅपिंग (कोणत्या मशीनचा कोणता पत्ता ही नोंद) ज्या कंट्रोलरवर आहे, त्याच्यावरचा हल्लाही स्क्रिप्टमध्ये घाला. तो हाती लागला की सगळ्या मशीनचे चालू पत्ते एका जागी मिळतात.